पित्त होतं, म्हणाले

बुधवार, रात्रीचे नऊ चाळीस. साडेदहाला लाइट बंद, त्यामुळे जे काय आहे ते आत्ताच लिहून मोकळं व्हायचं, नाहीतर तेच डोक्यात घेऊन झोपायचं आणि सकाळी साडेसहाला तेच घेऊन उठायचं. चार दिवस तेच चाललंय.

झालं काय, तर शनिवारी खालच्या आजींनी चहा पुढे केला आणि मी म्हणाले, नको आजी, मी चहा घेत नाही. आजी म्हणाल्या, काहून गं, पित्त व्हतंय का? आणि मी म्हणाले, हो.

एवढंच. कुणाला सांगायला गेलं तर हसतील. पण मी मिशनरी आहे, लोक मॉर्मन म्हणतात त्या चर्चची. छातीवर काळी पट्टी, त्यावर आडनाव, त्याखाली येशू ख्रिस्ताचं नाव, आणि तोंडात "हो, पित्त होतं".

बरं, मला उत्तर येत नाही असं नाही ना. मनिलाला एमटीसीत, म्हणजे मिशनरींच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये, असताना आम्ही ह्याचाच रोलप्ले केलाय, समोरची रिकामा कप पुढे करायची आणि मी हसून, नम्रपणे, समोरच्याला वाईट वाटू न देता सांगायचं की आम्ही देवाशी एक करार केलाय, त्यात दारू, तंबाखू, चहा, कॉफी नाही. इथे आल्यापासून तेच मी तेलुगूत सांगितलंय, मोडकंतोडकं, पण सांगितलंय. हिंदीत तर इतक्या वेळा की आता वाक्य आपोआप बाहेर पडतं. आणि हे हैदराबाद आहे, इथे चहाला नाही म्हणणं हा निम्मा दिवसाचा उद्योग आहे, दर वळणावर इराणी चहाचा वास, लोक प्रेमानं ओढून बसवतात, मी उस्मानिया बिस्किट तेवढं उचलते आणि कोरडंच खाते. कोरडं उस्मानिया म्हणजे काय ते ज्यानं खाल्लंय त्यालाच कळेल. पण कधी खोटं बोलले नाही. अकरा महिन्यांत एकदा नाही.

आणि मराठीत पहिल्यांदा कुणी विचारलं तर पित्त.

परत परत तिथेच येतेय मी. मराठीतच का. एक कारण म्हणजे मला शब्दच नाहीत. वर्ड ऑफ विज्डमला, म्हणजे ह्या दारू-चहाच्या नियमाला, मराठीत काय म्हणायचं? शहाणपणाचं वचन? ते तर शाळेच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहायचे त्या सुविचारासारखं वाटतं, खाली "संकलन: इयत्ता सातवी ब". मी सगळं इंग्लिशमध्ये शिकले, तेलुगूत शिकवते, आणि मराठीत फक्त सोमवारी आईशी बोलते, जेवलीस का, ऊन फार आहे का, तिकडे वांगी कशी किलो. आजींनी मला तसंच गाठलं, जिन्यात फोनवर बोलताना. अगं तू मऱ्हाटी हाईस! म्हणून हात धरून आत नेलं. आजी मूळच्या नांदेडकडच्या, लग्न होऊन इकडे आल्या तेव्हापासून इथल्याच, तेलुगू माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं. हे तेलुगूचं लक्षात ठेवायला हवं होतं मी. येतेच त्यावर.

पण शब्द नाहीत हे अर्धंच कारण आहे. मला वाटतं मराठीत नाही म्हणायला डॉक्टर लागतो. शुगर आहे, बीपी आहे, पित्त आहे, लोक लगेच समजून घेतात, वर स्वतःचं दुखणं सांगतात. देवाचं कारण द्यायचं तर उपास, आणि उपासाला तर चहा चालतो! माझी आजी निर्जळीच्या गप्पा मारायची आणि दुपारी चारला तिला अर्धा कप लागायचाच. भात नाही, कांदा-लसूण नाही, पण चहाला कुठल्याच देवानं कधी हात लावला नाही. आणि मी जाऊन सांगणार की माझ्या देवानं नेमका चहाच बंद केलाय. थम्सअप चालतं बरं का आजी. ग्रीन टी नाही, बर्फ टाकलेला चहापण नाही, ते २०१९ मध्ये परत स्पष्ट सांगितलंय. गवती चहा मात्र चालतो, नावात चहा असला तरी. हे सगळं मराठीत म्हणून बघितलं मी, बाथरूममध्ये, हळू आवाजात. माझं मलाच हसू आलं. आणि मग हसू आलं म्हणून अजूनच वाईट वाटलं.

त्यांनी आलं किसलं होतं. कप मला दिला तेव्हा त्यांची बोटं भाजत होती तरी त्यांनी कान माझ्याकडे केला. बाबा पहाटे साडेपाचला स्वतःचा स्वतः करून घेतात आता, आईनं चहा सोडल्यापासून. एकच कप. त्या वासानं मला... जाऊ दे.

माझी मिशनमधली जोडीदार, सिस्टर एम, तेव्हा दारात उभी राहून फोनवर कुणाचीतरी अपॉइंटमेंट ठरवत होती. बाहेर पडल्यावर तिनं विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हणाले, चहा देत होत्या, मी सांगितलं आपण घेत नाही. म्हणजे हे दुसरं. हे तर आणखी हलकं, कारण ह्यात खोटं काही नाहीच, फक्त मधलं वाक्य गाळलंय.

तर रविवारी चर्चहून आलो आणि आजी जिन्यातच उभ्या, हातात काचेची बरणी, घरचा मोरावळा. आणि ती बरणी त्यांनी माझ्या हातात नाही दिली, सिस्टर एमच्या हातात दिली, आणि तिला तेलुगूत सगळं समजावून सांगितलं. हिला रोज सकाळी एक आवळा द्यायचा, उपाशीपोटी, हिला पित्त आहे, पोर सांगत नाही, उन्हात फिरता तुम्ही. मला तेव्हा पैत्यम, म्हणजे पित्त, हा एकच शब्द कळला आणि तेवढा पुरला. सिस्टर एमनं माझ्याकडे बघितलं. काहीच बोलली नाही. वर आल्यावर बरणी टेबलावर ठेवली, बूट काढले, पाणी प्यायली, मग म्हणाली, सिस्टर, तुला पैत्यम आहे? आणि मग स्वतःच सांगितलं की आमच्याकडे वेड्यासारखं कुणी वागलं तरी पैत्यमच म्हणतात.

तिनं रागावायला हवं होतं. ती रागावत नाही हाच तिचा प्रॉब्लेम आहे. चोवीस तास एकत्र, एकीला दुसरीच्या नजरेबाहेर जायचं नाही असा नियम, त्यात भांडण झालेलं परवडतं, समजूतदारपणा नाही परवडत.

रविवारची सगळी संध्याकाळ मी स्वतःची कीव करण्यात घालवली, खरं सांगते. बावीस वर्षांची आहे मी. कॉलेजच्या ग्रुपमधल्या पोरी नोकरीला लागल्या, एकीचं लग्न ठरलं ते मला आईकडून कळलं. मी इथे लांब स्कर्ट घालून उन्हात तीन-तीन मजले चढते, लोक या म्हणतात आणि गेलं की कुलूप असतं, मला कुणी नावानं हाक मारत नाही, सिस्टर आणि आडनाव, कधीकधी मलाच माझं नाव दुसऱ्या कुणाचंतरी वाटतं. अठरा महिने. आणि कशासाठी, तर एक साधी, प्रेमळ, मराठी बाई स्वतःहून विचारते की का नाही घेत, म्हणजे दार नुसतं उघडं नाही, सताड उघडं, आणि मी त्या दारातून पित्त आत सोडते. आमच्या चर्चचे विश्वासाचे तेरा नियम आहेत, त्यातला तेरावा प्रामाणिकपणापासूनच सुरू होतो. लहान मुलंसुद्धा घडाघडा म्हणतात. मीही म्हणते. इंग्लिशमध्ये.

सोमवारी पी-डे, म्हणजे घरच्या कामांचा दिवस. कपडे, भाजी, आणि आईचा फोन. आईला सांगितलं सगळं. वाटलं ती म्हणेल प्रार्थना कर, माफी माग, आजींना जाऊन खरं सांग. आई म्हणाली, अगं पण तुला पित्त आहेच की.

म्हणजे?

म्हणजे काय म्हणजे. दहावीच्या परीक्षेत गणिताच्या पेपरला ओकली होतीस. आत्याच्या लग्नात अंगावर गांधी उठल्या, आमसूल चोळलं मी. तुझ्या बाबांकडून आलंय. खोटं कुठे बोललीस तू?

मी दोन मिनिटं काहीच बोलले नाही. चार दिवस, म्हणजे तेव्हा दोनच दिवस, मी ज्याच्यासाठी स्वतःला फाडून खातेय ते मेडिकली खरं आहे. फक्त त्यामुळे मी चहा सोडलेला नाही. म्हणजे मी खरं बोलून खोटं बोलले. आईला हे समजावायला गेले तर ती म्हणाली, इतका विचार करतेस म्हणून तर पित्त होतं.

दर आठवड्याला मिशन प्रेसिडेंटना लिहायचं पत्र असतं, त्यात हे लिहायला घेतलं आणि खोडलं. "या आठवड्यात मी मला पित्त असल्याचं सांगितलं, जे मला आहे." कसं पाठवणार हे.

इथे थांबले असते तर बरं होतं, पण आज संध्याकाळी आम्ही ज्यांना शिकवतो त्या अंकलकडे लेसन होता. तोच, वर्ड ऑफ विज्डमचा, दुसऱ्यांदा. मी नेहमीप्रमाणे १८३३ ची गोष्ट सांगितली, ओहायोतलं कर्टलंड, आमच्या चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या घरी माडीवर पुरुषांची शाळा भरायची, सगळे पाइप ओढायचे, तंबाखू चघळून जमिनीवरच थुंकायचे, आणि ती जमीन पुसून पुसून जोसेफच्या बायकोला, एमाला, वीट आला, असं नंतर त्यांच्यामागून चर्चचे प्रमुख झालेल्या ब्रिगहॅम यंग यांनी सांगितलंय. त्यातून जोसेफना प्रश्न पडला, देवाला विचारलं, आणि हे वचन मिळालं. अंकलच्या बायकोला ही गोष्ट फार आवडते, ती दर वेळी अंकलकडे बघते. तर गोष्ट संपल्यावर अंकल म्हणाले, सिस्टर, मागच्या आठवड्यात मी सांगितलं ना सोडला म्हणून, तर काल खाल्ला जर्दा. एकदा. कुणी विचारलं नव्हतं. बायकोलाही माहीत नव्हतं. सांगितलं आणि खाली बघत बसले.

मला शिकवलंय की अशा वेळी काय म्हणायचं. मी काहीच म्हटलं नाही, घसा दाटून आला. सिस्टर एमनं सांभाळून घेतलं, तिचं तेलुगू ऐकताना मला नुसतं कळत होतं की ती छान बोलतेय. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, ही एमाची गोष्ट तुझ्या आजींना सांगितलीस का?

नाही सांगितली. आणि आजींना ती अंकलच्या बायकोपेक्षा जास्त आवडली असती, त्यांच्या मालकांची तपकीर होती म्हणे, सगळे रुमाल बाद. थुंकलेली जमीन पुसणारी बाई. त्याला मला मराठी शब्द शोधावे लागले नसते, एकही.

मोरावळा संपत आलाय. मी दोन खाल्ले, बाकीचे सिस्टर एमनं, पोळीला लावून, डब्यात नेऊन, तिला वाटतं तो जॅम आहे. उद्या बरणी परत द्यायची. मी म्हटलं रिकामी नाही द्यायची. ती म्हणाली, हा हँडबुकमधला नियम आहे का? मी म्हटलं, त्याच्यापेक्षा जुना. मग ती इतक्या गंभीरपणे म्हणाली की त्यात एक पॅम्फ्लेट गुंडाळून टाकू, की मी पाच मिनिटं हसत होते, तिला कळेना काय झालं. पैत्यम, म्हणाली.

मला दाण्याच्या चटणीशिवाय काही येत नाही, आणि नांदेडच्या बाईला दाण्याची चटणी द्यायची म्हणजे... पण दुसरं काही घरात नाही. दाणे भाजायला ठेवून हे लिहायला बसले आणि लिहिता लिहिता एक बाजू करपली. लसूण सोलायचाय अजून. दहा वाजून बावीस मिनिटं झालीत.