कातळाच्या पोटात चार रात्री

आईला जड छताखाली झोप लागत नाही, हे आमच्या घरात कोणी बोलून दाखवत नसले तरी सर्वांना ठाऊक आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गाव झोपी गेले असताना किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आम्ही औसा तालुक्यातल्या आमच्या गावी, माळवदाच्या, म्हणजे मातीच्या जड छताच्या घरात होतो. ढाळजेची भिंत अंगणात कोसळली, आम्ही चौघे मागच्या दाराने बाहेर पडलो आणि वाचलो. गल्लीतली दोन घरे मात्र राहिली नाहीत. त्यानंतर कित्येक वर्षे आई पत्र्याच्या खोलीतच झोपली आणि आता छत्रपती संभाजीनगरला आमच्या फ्लॅटमध्येही तिची गादी दाराजवळच असते. अशा आईला घेऊन तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियाला जायचे आणि डोंगरात कोरलेल्या खोलीत चार रात्री राहायचे, असा बेत मी दिवाळीच्या सुटीत आखला, तेव्हा धाकट्या भावाने फोनवर मला चांगलेच सुनावले.

फेब्रुवारी 2023 चा तिथला भूकंप आईने टीव्हीवर पाहिलेला होता, त्यामुळे तिचा पहिला प्रश्न तोच होता. तो भूकंप कहरामानमराश भागातला, आपण जाणार ते ठिकाण तिथून बरेच दूर आहे, हे मी नकाशा काढून दाखवले. तिने नकाशा बाजूला ठेवला आणि खोल्यांचे फोटो मात्र बराच वेळ न्याहाळले. "हे तर वेरूळ आहे. तिथं माणसं राहतात?" एवढे विचारून ती बॅग भरायला उठली. नातवंडांच्या आग्रहापेक्षा या प्रश्नानेच ती तयार झाली, असे मला वाटते.

कायसेरीच्या विमानतळावरून बाहेर पडताच 3900 मीटरहून उंच एर्जियेस पर्वत समोर उभा राहतो. तो ज्वालामुखी आहे, आणि त्याच्यासह या भागातल्या इतर ज्वालामुखींनी लाखो वर्षांपूर्वी ओकलेल्या राखेचे थर दाबून जो मऊ, फिकट दगड तयार झाला, त्यातच कॅपाडोशियातली सारी कोरीव वस्ती आहे. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीनेच घडवलेला, पण आपल्याकडे लाव्हा थिजून काळा, घणालाही दाद न देणारा बेसाल्ट झाला, आणि तिकडे राखेचा दगड झाला. म्हणून वेरूळचे कैलास लेणे कोरायला राष्ट्रकूटांसारखी राजसत्ता लागली, तर तिथल्या गोरेमे गावच्या शेतकऱ्याला घरात एक खोली वाढवायची झाली तर कुदळ पुरत असे. पावसापाण्याने झिजून उभे राहिलेल्या सुळक्यांना तिथले लोक 'पेरी बाजासी' म्हणतात; पेरी म्हणजे आपलीच परी, आणि बाजा म्हणजे धुराडे. जिल्ह्याच्या ठिकाणाचे नाव नेवशेहिर, म्हणजे नवे शहर, हे कळल्यावर मुलांनी पाट्यांवरचे ओळखीचे शब्द शोधण्याचा खेळच सुरू केला.

पहिल्या रात्रीबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण वयस्क माणसांना घेऊन जाणाऱ्यांना ते उपयोगी पडेल. ज्या हॉटेलात आम्ही खोली घेतली होती, त्यांनी फोटोत दरीकडे उघडणारी खिडकी दाखवली होती आणि प्रत्यक्षात डोंगरात खूप आत, एकही खिडकी नसलेली खोली दिली. हवा कोंदट होती, स्नानगृहाच्या भिंतीला ओल होती. आई रात्रभर खुर्चीवर, दार किलकिले ठेवून बसली आणि मी तिच्याशेजारी. सकाळी आम्ही तक्रार केली, उरलेल्या रात्रींचे पैसे थोडी घासाघीस करून परत मिळवले आणि गावातच वरच्या अंगाला असलेल्या, एका कुटुंबाच्या सात खोल्यांच्या हॉटेलात गेलो. खोली ठरवताना ती खरोखर कोरलेली आहे की कापीव दगडाने बांधून गुहेसारखी केली आहे, खिडकी आहे का आणि असल्यास कुठे उघडते, हे तीन प्रश्न लेखी विचारून घ्यावेत. बांधीव खोलीही वाईट नसते, पण आपण कशाचे पैसे देतो ते माहीत असावे.

दुसरी खोली मला अजून डोळे मिटले की दिसते. पुढचा भाग कमानीचा, बांधलेला, त्यात दोन खिडक्या. आतला भाग कोरलेला, आणि भिंतीपासून छतापर्यंत टिकावाचे तिरपे घाव एकाखाली एक असे ओळीने उमटलेले. घाव सगळे एकाच बाजूला झुकलेले होते. कोरणारा डावखुरा असावा असे माझ्या नवऱ्याचे म्हणणे पडले आणि मुलांनी हात उगारून ते तपासून पाहिले. आईने चप्पल काढून सगळी खोली आधी हाताने पाहिली. एका कोनाड्यापाशी ती थांबली. "ही देवळी. इथं दिवा असायचा," ती म्हणाली, आणि वर बोट केले, तर खरोखरच देवळीच्या वर काजळीचा लांबट डाग दगडात मुरलेला होता. जमिनीत एक गोल खड्डा काचेने झाकून ठेवला होता. तो तंदूर, घरातली चूल; तिच्यावर छताला भोक पाडलेले, आपल्या माळवदाला धूर जाण्यासाठी सवणे ठेवतात तसेच. मालकीणबाईंनी खुणांनी आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीने सांगितले की त्यांच्या यजमानांच्या आजीचा जन्म याच खोलीतला.

त्या रात्री जेवणानंतर मुले झोपली तरी आई पलंगावर बसूनच होती. बाहेर बोचरी थंडी होती आणि आत मात्र स्वेटर काढून ठेवण्याइतकी ऊब होती. बऱ्याच वेळाने तिने भिंतीवर तळवा घासला, तळव्याला लागलेली पिवळसर कणी बोटांनी चोळून पाहिली आणि म्हणाली, "आपल्या भिंतीत दगडावर दगड होता. मधी नुसती माती. याला सांधाच नाही बघ." भूकंपानंतर तज्ज्ञांनी जे अहवाल लिहिले, त्यांचेही म्हणणे हेच होते: चांगल्या रुंद भिंती, आतबाहेर गोल दगडांचे दोन थर, त्यांना एकत्र धरणारा आडवा दगड नाही, आणि वर दरवर्षी माती टाकून जड होत गेलेले माळवद. आईने ते अहवाल वाचलेले नाहीत. कोरलेला दगड सुरक्षितच असतो असेही नाही, आणि ते आम्हाला दोनच दिवसांनी कळणार होते, पण त्या रात्री ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि पहाटे पर्यटकांना घेऊन उडणाऱ्या गरम हवेच्या फुग्यांच्या बर्नरचा फुस्कारा कानी येईपर्यंत उठली नाही. मी जागीच होते. तिच्या उशीवर सकाळी दगडाचे बारीक कण पडले होते, ते मी झटकले नाहीत.

देरिनकुयूच्या जमिनीखालच्या शहरात आई उतरेल अशी मला आशा नव्हती, पण उतरली तीच पुढे. हे शहर सुमारे 85 मीटर खोल जाते. वरच्या मजल्यांवर गुरांचे गोठे, खाली स्वयंपाकघरे, द्राक्षे तुडवण्याची कुंडी, साठवणीच्या खोल्या. शत्रू आला की लोक गुराढोरांसह खाली जात आणि जात्याच्या तळीसारखा प्रचंड गोल दगड आतून ढकलून वाट बंद करीत. वाकून चालावे लागणाऱ्या त्या बोळात मुलांना देवगिरी किल्ल्यातली अंधारी आठवली. आईला मात्र पेव आठवले. आमच्या गावी ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीत खणलेल्या कोठारात ठेवत, आणि पेव उघडले की कोणी लगेच आत उतरत नसे. तोंड उघडे ठेवून आतली हवा जाऊ द्यायची, मग कंदील सोडून पाहायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरवायचा. म्हणून खाली पोचताच तिने विचारले, "यांनी वाऱ्याचं काय केलं होतं?" मार्गदर्शकाने आम्हाला थेट वरपासून खोल विहिरीपर्यंत गेलेला हवेचा उभा झरोका दाखवला, तळाशी वाकून पाहिले तर चेहऱ्यावर गार झुळूक आली. ओर्ताहिसार गावात भूमध्य समुद्राकाठची लिंबे आजही अशाच कोरीव कोठारांत साठवतात, हे ऐकून आईला त्या लोकांबद्दल जो आदर वाटला, तो कुठल्याही चर्चमध्ये वाटला नसेल.

चर्चही पाहिली. गोरेमेच्या 'अंधाऱ्या चर्च'मध्ये एका लहानशा खिडकीतून काय तो उजेड येतो, आणि म्हणूनच तिथल्या चित्रांचे निळे-लाल रंग टिकले. अजिंठ्याच्या चित्रांपुढे कॅमेऱ्याचा फ्लॅश का मना आहे, ते मुलांना इथे न सांगता समजले. फुग्यात आम्ही बसलो नाही. गच्चीवर शाली पांघरून त्यांच्याकडे पाहिले, आणि तेवढे पुरले. मालकीणबाई बुटक्या गोल पाटावर 'गोझलेमे' लाटत, ते आईला धपाट्यांच्या जवळचे वाटले. दोघींना एकमेकींची भाषा येत नसली तरी तवा, साबण आणि साखर या तीन शब्दांवर त्यांचे चार दिवस निभावले.

चौथ्या दिवशी झेल्वेला गेलो. हे आख्खे गाव तीन घळींच्या भिंतींत कोरलेले होते. इथल्या ख्रिस्ती कुटुंबांना 1923 च्या लोकसंख्या-अदलाबदलीच्या कराराने ग्रीसला जावे लागले, आणि मागे राहिलेल्यांना 1952 मध्ये दरडी कोसळण्याच्या भीतीने गाव सोडून जवळच वसवलेल्या नव्या गावी हलवले गेले. एका कड्याचा दर्शनी भागच तुटून खाली पडला आहे, त्यामुळे वरच्या खोल्या उघड्या पडल्या आहेत. कोणाच्या तरी घरातली देवळी, काजळी, गव्हाणी, सगळे रस्त्यावरून दिसते. आई तिथे काही बोलली नाही. बाहेर पडल्यावर तिने नवे गाव गाडीतून पाहायला सांगितले. आम्ही पाहिले. तिने काच खाली केली, घरे पाहिली, आणि आपल्याकडच्या पुनर्वसित गावांतल्या त्या सरळ रेषेतल्या गल्ल्यांची आठवण मलाही झाली.

डिसेंबरात आम्ही तिला अजिंठ्याला नेले. यापूर्वी ती तीनदा आली होती, पण दर वेळी चित्रे पाहून परतली होती. या वेळी तिला 12 क्रमांकाच्या विहारात बसायचे होते. तिथल्या भिक्षूंच्या बारा खोल्यांत प्रत्येकी दोन दगडी ओटे कोरलेले आहेत. उंबऱ्याशी बसून तिने एका ओट्यावर हात फिरवला. हा काळा दगड तळव्याला लागत नाही.

"थंडीत हे लोक पांघरायला काय घेत असतील?" तिने विचारले.