नव्या टपाच्या सुरकुत्या

फेब्रुवारीच्या शेवटी वर्धा रोडवरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये साठच्या दशकातली एक शेवरोले इम्पाला कन्व्हर्टिबल आली. टप, म्हणजे तिचं दुमडणारं छत, कोरा होता, पांढऱ्या व्हिनाइलचा, जानेवारीच्या थंडीत दुसरीकडे बसवलेला. मालकांचा पहिला प्रश्न होता, "भाऊ, मालच खराब आला का? इतके दिवस उन्हात ठेवली, तरी सुरकुत्या जात काऊन नाहीत?"

माल चांगला होता. उन्हाने जायच्या होत्या त्या सुरकुत्या केव्हाच गेल्या होत्या. खोक्यात घडी होऊन आलेल्या टपावर उभ्या-आडव्या चौकटीसारख्या रेषा असतात. टपाला खालून धरणाऱ्या सांगाड्याच्या आडव्या कमानी कुठे आहेत याच्याशी त्यांचा काही संबंध नसतो. टप पुढच्या काचेच्या वरच्या कडेला लॅच लावून बंद ठेवला, नागपूरचं दुपारचं ऊन मिळालं की व्हिनाइल नरम होतं आणि या रेषा आपोआप बसतात. उरलेल्या सुरकुत्या मात्र सगळ्या डाव्या बाजूच्या होत्या. मागच्या कमानीच्या टोकापासून खाली डिकीच्या कोपऱ्याकडे एक ताठ तिरपी रेघ जात होती, मधल्या दोन कमानींमध्ये कापडाला झोळ होता आणि दाराच्या काचेवर लाट आली होती.

अशा वेळी बहुतेक जण आधी हीट गन, म्हणजे गरम हवेचं यंत्र, उचलतात. माझं मत साफ आहे, आधी मोजपट्टी. सुरकुती ज्या दिशेने धावते त्या दिशेला ओढ असते आणि तिची टोकं ताण कुठून येतोय ते दाखवतात. झोळ किंवा लाट असेल तर तिथे ओढ कमी आहे किंवा कापड जास्त आहे. खात्री करायला आम्ही पुढचे दोन्ही लॅच उघडून टपाची पुढची कड पुढच्या काचेपासून सुमारे १० सेंमी वर उचलली. ओढ उतरताच तिरपी रेघ जवळजवळ नाहीशी झाली. दारावरची लाट तशीच राहिली. म्हणजे हे दोन वेगळे दोष होते आणि एकाच्या उपायाने दुसरा गेला नसता.

मग आतून मापं घेतली. टपाच्या पुढच्या आडव्या चौकटीपासून मागच्या कमानीपर्यंतचं अंतर डावीकडे उजवीपेक्षा १४ मिमी कमी भरलं. कमान डावीकडे पुढे सरकली होती. त्यामुळे तिच्या पुढचं कापड सैल पडलं आणि मागचं ताणलं गेलं. झोळ आणि तिरपी रेघ, दोन्हींचं मूळ हेच.

या गाड्यांत मागची कमान कुठल्याही बोल्टने जागेवर धरलेली नसते. टपाखाली दोन्ही बाजूंना पुढून मागे जाणारे लांब पॅड असतात, आत निवार पट्टी आणि फोम. टप बंद असताना हे पॅडच कमानींमधलं अंतर राखतात. इथे टप नवा टाकला होता, पण पैसे वाचवायला पॅड जुनेच ठेवले होते. उजवीकडची निवार जुन्या बाजेसारखी झोळली होती आणि डावीकडची जास्त ओढून पिना मारल्या होत्या. वर कितीही चांगलं व्हिनाइल घाला, खाली हे असेल तर ते सपाट बसणार नाही.

त्यात झोळ लपवायला पुढची डावी कड ओढून पुन्हा चिकटवलेली होती. टपाच्या पुढच्या कडेला मधोमध छोटी व्ही खाच असते, ती काचेच्या मध्यापासून ८ मिमी सरकलेली दिसली.

सोडवण्याचं काम बसवण्याच्या उलट क्रमाने केलं. पुढची कड हीट गनच्या कमी आचेवर कोमट करत प्लास्टिकच्या पट्टीने सोडवली. लोखंडी पाती इथे नको, कापड फाटतं. सोल्यूशनचे, म्हणजे चिकटवायच्या गोंदाचे, थर फक्त चौकटीवरून काढले. थिनर व्हिनाइलला लागू दिला नाही, कारण त्याने ते कडक होऊन तडकतं. मागच्या कमानीवरची झाकपट्टी उघडून पिना एकेक करून उपसल्या. त्या साध्या लोखंडी होत्या आणि त्यांच्याभोवती गंजाचे डाग धरू लागले होते. आम्ही १० मिमीच्या स्टेनलेसच्या वापरतो.

दोन्ही पॅड नवे घातले. पिना मारण्यापूर्वी मागची कमान दोन्ही बाजूंनी सारख्या मापावर आणून दोरीने बांधून ठेवली. तिची बॉडीपासूनची उंची ठरवायला मालकांनी डिकीत जपून ठेवलेला जुना टप कामी आला. त्याच्यावरच्या पिनांच्या भोकांची ओळ आणि कमानीवरची घडी यांवरून खुणा मिळाल्या. पण जुनं कापड वर्षानुवर्षं ताणलेलं असतं, म्हणून त्याच्या खुणांवरून जागा ठरवायची, लांबी नाही. नवा टप बसेपर्यंत जुना कोणी फेकू नये.

टप पुन्हा घालताना मागच्या कमानीवर मधोमधची खूण जुळवून आधी मोजक्याच पिना अर्ध्या मारल्या. मग दारावरची लाट धरली. टपाच्या बाजूच्या कडेत एक नळीसारखी शिवण असते आणि तिच्यातून बारीक वायर जाते. पुढे ती स्क्रूने धरलेली असते, मागे स्प्रिंगने सांगाड्याला अडकते. कडेचं कापड सांगाड्याला चिकटून राहतं ते या वायरमुळे. इथे वायर ओवलेली होती, स्प्रिंग मात्र अडकवलेलीच नव्हती. ती अडकवताच लाट गेली.

खरा वेळ गेला डाव्या बगलेच्या, म्हणजे दारामागच्या बाजूच्या भागाच्या, कोपऱ्यावर. बगलेचं कापड खाली एका पट्टीवर पिनांनी मारलेलं असतं आणि ती पट्टी बोल्टने बॉडीला आतून आवळतात. बाहेर उभं राहून कापड ओढून इथे काही साधत नाही. पट्टी आवळून बॉडीच्या कडेला लागून कापडावर खडूची रेघ ओढली. सुरकुती शिल्लक होती तेवढ्याच भागात त्या रेघेच्या ५ मिमी वर दुसरी रेघ मारली. पट्टी सोडून बाहेर काढली, तेवढ्या पिना उपसल्या आणि वरची रेघ बॉडीच्या कडेवर येईल अशा बेताने पुन्हा मारल्या. एका वेळी ५ मिमीच. घाईने १५ मिमी ओढलं की शेजारी नवी तिरपी रेघ उभी राहते आणि कापडात पिनांच्या भोकांची चाळण होते. पट्टी आत-बाहेर करत, प्रत्येक वेळी लॅच लावून पाहत, कोपरा बसायला दुपार उलटली.

पुढची कड सगळ्यात शेवटी. लॅच लावून चौकटीच्या काठावर खडूची खूण केली, मग लॅच सोडून खूण काठाच्या १० मिमी पुढे येईपर्यंत कापड मधून बाहेर असं ओढलं. सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून १० ते १५ मिनिटं सुकू दिलं आणि बोटाला चिकटेनासं झाल्यावर दाबलं. ओलं असताना चिकटवलं तर ओढीखाली कड सरकते. उरलेला बारीक सळ हीट गन सुमारे ३० सेंमी लांब धरून, हलती ठेवून, हाताने चोळून बसवला. मागच्या पारदर्शक प्लास्टिकवर आधी ओला टॉवेल टाकला होता, कारण आच लागली की ते धूसर होतं. व्हिनाइलचा दाणाही जास्त आचेने एकदा चकाकला की परत येत नाही.

मागच्या पिनांच्या ओळीवर सीलंटची बारीक धार देऊन झाकपट्टी बंद केली. होजने हलकं पाणी सोडून तपासलं, आत थेंब नाही.

बगलेत, टप खाली होताना कापड जिथे दुमडतं तिथे, एक हलका सळ मुद्दाम ठेवला. तो मालकांना लगेच दिसला. "हा पण काढून टाका ना भाऊ." तो ओढून काढता आला असता. पण व्हिनाइल थंडीत आखडतं. आज ऊन असताना ढोलासारखं ताणलं तर डिसेंबरच्या सकाळी लॅच काचेपर्यंत पोचणार नाही आणि जोर लावला की शिवण उसवेल. त्यांना सांगितलं, पंधरा दिवस टप उघडू नका, ओला असताना कधीच दुमडू नका, खाली घेण्याआधी मागच्या खिडकीची चेन सोडा. आणि हिवाळ्यात लॅच जड गेला तर गाडी तासभर उन्हात उभी करून दुपारी लावा.