बाईंचे रविवार

अमृतमहोत्सव समितीचं पत्र आलं आणि त्याच दिवशी लिहायला बसलो. शाळेच्या आठवणी लिहा, असं पत्रात म्हटलं आहे. माझ्या मनात शाळा आणि बाई वेगळ्या काढता येत नाहीत, म्हणून हे सगळं बाईंबद्दलच होणार आहे. समितीनं ते गोड मानून घ्यावं. आपल्या शाळेत बाई पुष्कळ झाल्या आणि सगळ्याच चांगल्या होत्या, पण साठ-सत्तरच्या दशकांतल्या कुणाही विद्यार्थ्यापाशी नुसतं ‘बाई’ म्हणा, तो मराठीच्या बाईंबद्दलच बोलू लागेल. गेल्या वर्षी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्या गेल्या.

मी १९६८ च्या मॅट्रिकच्या तुकडीचा. पाचवीत आलो ते साल १९६१. जून संपून जेमतेम वर्ग सुरळीत चालू लागले होते आणि १२ जुलैला पुण्याजवळचं पानशेतचं धरण फुटलं. पाठोपाठ खडकवासलाही. आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. ‘पाणी आलं, पळा’ एवढंच आठवतं, आणि आईनं एका हातात धाकट्या बहिणीला आणि दुसऱ्या हातात देवांचा डबा घेतला होता, ते. पाणी ओसरल्यावर वाड्याच्या मातीच्या भिंती बसल्या. आम्हाला आसरा मिळाला तो शाळेतच, मागच्या इमारतीत, पाचवी ‘ब’च्या वर्गात. ज्या वर्गात शिकायचं त्याच वर्गात आम्ही दोन कुटुंबं राहत होतो.

तेव्हा शहरात वीज नव्हती, नळाला पाणी नव्हतं. वाड्यावाड्यांतल्या विहिरी आणि जुने हौद पुन्हा उपयोगी आले. शाळेत पिठलं-भाकरी यायची, धान्य यायचं, कपडे यायचे. येईल त्याची नोंद बाई फळ्यावर करत. पण आई शेवटपर्यंत सांगायची ती गोष्ट निराळी. बाई पहिल्याच संध्याकाळी आल्या, सगळे वर्ग फिरल्या आणि कुणाला काही न विचारता चित्रकलेच्या वर्गातले पडदे काढून त्यांनी जिन्याखालची जागा बंद करून घेतली. बायकांना लुगडं बदलायला आडोसा नव्हता. आई म्हणायची, “भाकरी सगळ्यांनी दिली गं, आडोसा बाईंनी दिला.” त्या वेळी बाईंच्या स्वतःच्या सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांमध्येही पूरग्रस्तांची दोन बिऱ्हाडं उतरली होती, आणि सासूबाईंनी आपला पलंग त्यातल्या एका बाळंतिणीला दिला होता, हे आम्हाला फार नंतर कळलं.

वर्ग पुन्हा सुरू झाले तेव्हा आमच्याकडे पुस्तकं नव्हती. बालभारती निघाली १९६७ साली, ही त्याआधीची गोष्ट. बाजारात पुस्तकं लवकर मिळेनात आणि मिळाली असती तरी वडिलांकडे तेव्हा त्यासाठी पैसे नव्हते. बाईंनी ज्यांची घरं कोरडी राहिली होती त्या मुलांना रोज एक धडा स्वच्छ अक्षरात उतरवून आणायला सांगितलं. कागद पाठकोरे, कुठल्या कुठल्या कचेऱ्यांतून मागून आणलेले. ते दाभणानं टोचून बाईंनी स्वतः शिवले, वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलं. एक सक्त नियम होता, उतरवणाऱ्यानं आपलं नाव कुठेही घालायचं नाही आणि वाटप बाई स्वतः करणार. आम्ही शाळेत आलो तेव्हा प्रत्येकाच्या जागेवर पुस्तक ठेवलेलं होतं. कुणाला पुढे बोलावलं नाही की यादी वाचली नाही.

माझं पुस्तक जांभळ्या शाईत होतं. तेव्हा शाईच्या गोळ्या मिळायच्या, पाण्यात विरघळवायच्या. अक्षर टपोरं, डावीकडे किंचित झुकलेलं, आणि प्रत्येक कवितेखाली एक छोटी वेल काढलेली. ती वेल धड्यांखाली नव्हती, फक्त कवितांखाली. मी वर्षभर त्या पुस्तकावर शिकलो. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलाच्या बोटांना जांभळे डाग असायचे. मी त्याला कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही, पण मधल्या सुट्टीत आम्ही डबा बरोबर खाऊ लागलो. आम्हाला पुढे गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत जागा मिळाली. शाळा बदलावी असं वडिलांच्या मनात होतं. मी ऐकलं नाही, त्याचं कारण बाई आणि तो मुलगा. आज आम्ही दोघं पंचाहत्तरीला टेकलो आहोत आणि आठवड्यातून एकदा तरी भेटल्याशिवाय आमचा आठवडा पुरा होत नाही.

आठवीपासून बाईंच्या रविवारांत आमचा नंबर लागला. ज्यांना हे रविवार माहीत आहेत त्यांना सांगायला नको. नव्या मुलांसाठी लिहितो. दर रविवारी दुपारी बाई दोन-तीन मुलांना घेऊन ससून हॉस्पिटलला जात. पिशवीत पोस्टकार्डांचा गठ्ठा, आपल्या पगारातून घेतलेला. वेल्हं, मुळशी, मावळ, पुरंदर, कुठून कुठून माणसं दाखल झालेली असत. सोबतीला आलेला माणूस शेतीच्या कामासाठी परत गेलेला, आणि इकडची खुशाली तिकडे कळवायला कुणी नाही. आम्ही कॉटशेजारी स्टुलावर बसून त्यांची पत्रं लिहायचो.

एक म्हातारे गृहस्थ होते वेल्ह्याकडचे. मांडीचं हाड मोडून महिनाभर पडून. माझ्या मित्रानं कार्ड घेतलं आणि शाळेत शिकवल्याप्रमाणे सुरुवात केली, ‘स. न. वि. वि. पत्र लिहिण्यास कारण की’. म्हातारबाबा सांगू लागले, “लिव्हा, म्या बरा हाय. ढवळ्याचा खांदा आलाय, त्याला औताला जुपू नगा. हळद-तेल लावा. आन् पोरीला म्हणावं, रडू नगं.” मित्रानं लिहिलं, ‘माझी प्रकृती उत्तम आहे. बैलास विश्रांती द्यावी.’ बाई पाठीमागे उभ्या होत्या. त्यांनी कार्ड हातात घेऊन वाचलं, पिशवीतून दुसरं कोरं कार्ड काढलं आणि शेजारी बसून म्हणाल्या, “बाळ, मामा म्हणाले तस्संच लिही. घरी कुणी हे वाचून दाखवील तेव्हा मामाच बोलतायत असं वाटलं पाहिजे. मामा, पुन्हा सांगा बरं, ढवळ्याला काय झालंय?”

मराठीच्या बाई होत्या त्या. वर्गात ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक चालायची नाही. तिथे मात्र ‘नगा’ला ‘नका’ केलेलं त्यांना खपलं नाही. दुसऱ्या कार्डावर ‘नगा’ आणि ‘आन्’ जसंच्या तसं गेलं. पुढच्या रविवारी उत्तर आलं होतं, गावच्या गुरुजींच्या अक्षरात: ढवळ्याला जुंपलेलं नाही, सूज उतरली, पोरगी आता जेवते. बाईंनी ते वाचून दाखवलं. म्हातारबाबांनी ते उशाखाली ठेवलं आणि नर्सताई आल्या की त्यांच्याकडून पुन्हा वाचून घ्यायचे.

दिवाळीनंतर हेच बाबा काठी टेकत शाळेच्या फाटकाशी उभे. खांद्यावर आंबेमोहोराची पिशवी. आम्हाला वाटलं बाई नको म्हणतील. त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली, बाबांना शिक्षकांच्या खोलीत खुर्चीवर बसवून चहा दिला आणि त्या रविवारी आम्हा सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. तो भात काकांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, रांधला होता. पुरुषानं रविवारचा स्वयंपाक करणं तेव्हाच्या सदाशिव पेठेत कुणाच्या ऐकिवात नव्हतं. काकांना त्याचं काही वाटत नसे. बाईंना ससूनला वेळेवर पोचता यावं म्हणून ते करत होते.

ते घर म्हणजे आम्हा मुलांना आपलंच घर. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हापासून त्यांचं सगळं अंथरुणात. बाई पहाटे चारला उठून त्यांचं करायच्या, मग डबे, मग शाळा. धाकट्या दिरांची मुलं शिकायला त्यांच्याकडेच होती. स्वतःची दोन आणि ती तीन, पाचही जणांत कधी डावं-उजवं झालेलं पाहिलं नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, पुण्यातही भांडी वाजली. लोक रस्त्यावर आले, बाई मात्र सासूबाईंच्या पलंगापाशी बसून राहिल्या. त्या दिवशीही पहिल्या तासाला वर्गात होत्या. हे आम्हाला त्यांच्या पुतण्यानं सांगितलं. बाई घरातलं काही वर्गात बोलत नसत.

त्यांची मैत्रीही तशीच. शास्त्राच्या बाई आणि त्या रोज पहाटे पर्वती चढायच्या. निवृत्तीनंतर शास्त्राच्या बाईंची दृष्टी गेली. तेव्हापासून बाई रोज सकाळी त्यांच्या घरी जाऊन वर्तमानपत्र वाचून दाखवू लागल्या, अग्रलेखापासून छोट्या जाहिरातींपर्यंत. गुडघे थकल्यावर हेच फोनवरून सुरू झालं. शास्त्राच्या बाई गेल्या तोपर्यंत त्यात खंड नव्हता.

३० सप्टेंबर १९९३. विसर्जनाच्या रात्रीची ती पहाट, आणि किल्लारीच्या भूकंपाची बातमी. दुपारपर्यंत आमच्या तुकडीतल्या प्रत्येकाच्या घरी बाईंचा निरोप पोचला होता, गोधड्या आणि चादरी घेऊन या. तेव्हा त्यांनी साठी ओलांडलेली. शाळेच्या सभागृहात ढीग लागला. बाई एकेक गोधडी उलगडून उजेडात धरायच्या. उसवलेली बाजूला, आणि तिथेच सुई-दोरा घेऊन बसलेल्या चार जणी. एका गृहस्थांनी आणलेलं विटकं, फाटकं बोचकं त्यांनी हळूच परत केलं. “हे राहू दे घरी. त्यांचं घर गेलंय, मान गेलेला नाही.” लातूरला निघालेल्या ट्रकमध्ये मी आणि माझा तो मित्र होतो. पिंपरीच्या कारखान्यात मी तेव्हा शॉप फ्लोअरचा व्यवस्थापक होतो, हाताखाली दोनशे माणसं. रजा मागताना साहेबांना कारण सांगितलं, “आमच्या बाईंनी सांगितलंय.” त्यांनी लगेच सही केली.

परमेश्वरकृपेनं माझं चांगलं झालं. मुलगी डॉक्टर आहे, नातू इंजिनिअरिंगला आहे. मात्र नातू मराठी शाळेत गेला नाही, याची खंत आहे. परवा कार्यक्रमाच्या तयारीसाठी शाळेत गेलो होतो. मागची इमारत पाडून नवी झाली आहे, जिन्याखालची ती जागा आता नाही. पाचवी ‘ब’ही नाही, मराठी माध्यमाची एकच तुकडी उरली आहे. बाईंचा वाडाही गेला, तिथे सहा मजले उभे आहेत. काळाप्रमाणे हे व्हायचंच, तरी त्या रस्त्यानं जाताना पाय जड होतात.

बाईंनी देहदान केलं होतं. कागद कधीच भरून ठेवलेले, मुलांना बजावून सांगितलेलं. ससूनच्या आवारात, मेडिकल कॉलेजात, त्यांना पोचवायला आम्ही गेलो तेव्हा साठीच्या पुढचे निदान चाळीस विद्यार्थी होते.

आता एक विनंती. नव्या सभागृहाला बाईंचं नाव देण्याचा विचार चालू आहे असं ऐकलं. जरूर द्यावं. पण आम्ही काही जण दर मंगळवारी सकाळी ओपीडीच्या वेळेला ससूनला जातो. आता पत्रं लिहायची नसतात, प्रत्येकाकडे मोबाईल आहे. केसपेपर कुठे काढायचा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स कुठे द्यायच्या, कुठल्या मजल्यावर जायचं, हे सांगायला आणि बरोबर चालत जायला माणूस लागतो. आम्ही सगळे सत्तरीच्या पुढचे, जिने चढवत नाहीत. नव्वदनंतरच्या तुकड्यांतल्या ज्यांना जमेल त्यांनी यावं. शाळेच्या कार्यालयात वही ठेवली आहे, तीत नाव आणि फोन नंबर लिहावा. आमच्यापैकी कुणीतरी त्याच आठवड्यात फोन करील.