कास्कावेल कुठलं? मॉल की गाव?

मॉरिशसहून परतलेल्या माणसाकडे समुद्राचे फोटो असतात. माझ्या फोनमध्ये दगडांच्या ढिगांचे निघाले. समुद्र बघितला, सहा दिवस बघितला, निळाच होता. हॉटेलवाल्यांनी गळ्यात माळ घातली, हातात थंड टॉवेल दिला, तो कुठे ठेवायचा ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. एवढंच.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, म्हणजे उसातलं. विमान उतरायला लागलं आणि खिडकीतून धावपट्टीपर्यंत आलेला ऊस दिसला. साडेसहा तास उडून जयसिंगपूरलाच आलो की काय, असं वाटलं. ऑगस्ट म्हणजे तिथला हिवाळा आणि तोडीचा हंगाम, त्यामुळे मी सवयीने ऊसतोडीच्या टोळ्या शोधत होते. बैलगाड्या, तोडकऱ्यांच्या कोप्या म्हणजे झोपड्या, डोक्यावर उसाच्या वाढ्याची मोळी घेतलेल्या बायका, काहीच नाही. एका फडात एक अवजड यंत्र फिरत होतं, बाकी शांतता. आणि फडांच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग, काही तर घराएवढे. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, ‘जुने आहेत.’ त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

चौथ्या दिवशी मी हट्ट धरला की मराठी लोकांचं कास्कावेल गाव बघायचं. मॉरिशसला मराठी माणसं आहेत, त्यांची मंडळं आहेत, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, हे वाचलं होतं. टॅक्सीवाल्याला ‘कास्कावेल’ म्हटलं. त्याने दहा मिनिटांत एका मॉलसमोर उतरवलं. मोठं पार्किंग, कॉफीची दुकानं, पोहायच्या कपड्यांवर सूट. मी भडकले. नवरा म्हणाला, एसी आहे, बसू जरा. चूक खरं तर कुणाचीच नव्हती, कारण मॉलचं नावही कास्कावेलच. ही सगळी जागा अगदी अलीकडेपर्यंत ऊस होती, हे त्या ड्रायव्हरने परतीच्या वाटेवर सहज सांगितलं.

गाव पुढे होतं. तिथे रस्त्याकडेला एक आजोबा खोडव्यातलं, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकातलं, पाचट ओढत होते. मी मराठीत हाक मारली. त्यांनी आधी क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत, काहीतरी विचारलं, मग थोडं हिंदी, थोडं भोजपुरी, आणि मधेच एकदम आईकडून आलेलं स्वच्छ कोकणी वळणाचं ‘बसा वाईच’. त्यांचा पणजा कोकणातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, आला. बंदराजवळच्या, मजूर उतरवायच्या आप्रवासी घाटाच्या त्या सोळा पायऱ्या चढला असणार, 1834 पासून आलेल्या लाखो मजुरांसारखा.

‘किती आहे?’ मी विचारलं.

‘दोन आर्पां. होते चार.’

आर्पां हे तिथलं फ्रेंच काळातलं माप, आपल्या हिशेबाने साधारण 42 गुंठे. इथे मात्र गोष्ट लांबते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरेचा भाव पडला तेव्हा मोठ्या मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे पाडून विकले. करार संपलेल्या गिरमिटियांनी पोटाला चिमटा घेऊन ते तुकडे घेतले. त्या वाटपाला तिकडे ‘ग्रां मोर्सेल्मां’ म्हणतात. मजुराचा शेतकरी झाला तो त्यातून. आता रस्त्याने जागोजाग ‘मोर्सेल्मां’ लिहिलेले फलक दिसतात, पण आता त्याचा अर्थ घरबांधणीचे प्लॉट. शब्द तोच, जमीनही बहुतेक तीच.

‘दगड?’ मी ढिगाकडे बोट केलं.

‘ते हातानं.’ त्यांनी दोन्ही तळवे पुढे केले. ज्वालामुखीचं बेट, कुठेही कुदळ मारा, दगड. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी ते वेचून बाजूला रचले, तेव्हा मधे कांडी लावायला माती मिळाली. पुढे तर यंत्रं आणून दगड काढले, कारण तोडणीचं यंत्र दगडात चालत नाही. आणि एवढं साफ केलेलं रान घर बांधायलाही सोयीचं, असं आजोबा म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही.

मी विचारलं, सोडता का मग? त्यांनी हिशेबच मांडला. युरोप ठरलेल्या चढ्या भावाने साखर घ्यायचा. 2006 पासून तो भाव टप्प्याटप्प्याने 36 टक्क्यांनी उतरवला. तोडायला माणूस मिळत नाही, पोरगा शहरात ऑफिसात, जवळचा मेदिनचा कारखानाही बंद. एकेकाळी अडीचशेवर कारखाने होते त्या बेटावर आता तीन उरलेत. 1973 साली सात लाख टनांवर साखर झाली होती, हल्ली अडीच लाखांच्या आतबाहेर. उसाखालचं क्षेत्र या शतकाच्या सुरुवातीला सत्तर हजार हेक्टरांवर होतं, आता चाळीस हजारांच्या आसपास. सोडलेल्या रानाचा काही भाग व्हिला आणि नव्या शहरांत गेला, काही नुसता झुडपांखाली पडून आहे. त्यांच्या मेहुण्याने मळ्याची नोकरी सोडली तेव्हा रोख रकमेबरोबर घरासाठी जागेचा तुकडाही मिळाला. तोही उसाच्या रानातलाच.

मग आजोबांनी मला विचारलं, ‘बेटी, तुमचं एकरी किती टन पडतं? खोडवा किती घेता?’

मला सांगता येईना. खोडवा एक, फार तर दोन घेतो, एवढं म्हणाले. ते तिथे सात-आठ खोडवे घेतात. टनेज भावाला विचारून सांगते म्हटलं. फोन काढलाही, रेंज होती, पण लावला नाही. कारण भावाने पहिलं वाक्य काय म्हटलं असतं ते मला माहीत होतं. बायपासकडचा दीड एकर आम्ही दोन वर्षांपूर्वी एनए, म्हणजे बिगरशेती, करून प्लॉट पाडलेत. हक्कसोडपत्रावर माझी सही आहे. त्या पैशातला थोडा वाटा मला मिळाला, आणि हे तिकीटही त्यातूनच काढलं होतं.

त्यांनी एक कांडं सोलून दिलं. आपल्यापेक्षा कडक, गोडीला बरं. नवरा टॅक्सीतून हॉर्न वाजवत होता, वेटिंगचे पैसे चढत होते.

‘इथे आर्पांला काय भाव चाललाय?’ निघताना मी विचारलं.

‘प्लॉटसाठी?’

‘हो.’

त्यांनी सांगितला. मग विचारलं, ‘आणि तुमच्याकडे?’

तो मात्र मी लगेच सांगितला. गुंठ्याचा, रस्त्याकडेचा आणि आतला, दोन्ही.