जेवणाबरोबर पोर्ट? हो, जेवणाबरोबरच

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. वेंगुर्ल्याच्या चुलतबहिणीपासून ते ह्यांच्या बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांपर्यंत, व्हिडिओ कॉलवर आमच्या टेबलावरचा छोटा पेला दिसला की सगळ्यांचा प्रश्न एकच : "पोर्ट वाईन तर गोड असते, मग ती जेवणाबरोबर कशी काय पिता तुम्ही?" त्याच्या मागोमाग, जरा दबक्या आवाजात, दुसरा प्रश्न येतो : "आणि या वयात?" दोन्हींचं उत्तर देते. पहिल्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

मुलगी इथं स्थायिक झाली, म्हणून निवृत्तीनंतर आम्हीही पोर्तुगालला आलो. दोरो नदीच्या एका काठावर पोर्तो शहर आणि समोरच्या काठावर विला नोव्हा द गाया. आम्ही गायात राहतो. इथल्या उतारावर लाल कौलांची लांबच लांब गोदामं आहेत आणि त्यांत पोर्टची पिंपं वर्षानुवर्षं मुरत पडलेली असतात. द्राक्षं मात्र इथली नव्हेत. ती वर, नदीच्या खोऱ्यात, डोंगर कोरून केलेल्या पायऱ्यांवर पिकतात. त्या भागाबद्दल इथले लोक म्हणतात, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. उन्हाळ्यात तिथं पारा चाळिशीपर्यंत जातो. म्हणून पूर्वी वाईन तयार झाली की नावेतून खाली आणायची आणि समुद्राजवळच्या या दमट, थंड हवेत मुरवायची, अशी रीत पडली. नावांचं काम पुढं धरणांनी संपवलं, पण गोदामं अजून भरलेली आहेत.

आता प्रश्नाकडे. पोर्ट जेवणानंतरच प्यायची, गोडाबरोबर किंवा नुसतीच, हा नियम वाईनचा नाही, पिणाऱ्यांचा आहे. तो इंग्रजांनी घातला. 1703 च्या मेथुएन करारानंतर इंग्लंडात पोर्तुगीज वाईनवर फ्रेंच वाईनपेक्षा कमी जकात लागू लागली आणि पोर्तोत इंग्रज व्यापाऱ्यांनी चांगला जम बसवला. त्यांची 'फेइतोरिया इंग्लेझा' ही दगडी इमारत, 1790 मध्ये बांधून झालेली, जुन्या शहरात आजही उभी आहे. तिच्यात लागून लागून दोन भोजनगृहं आहेत. जेवायचं पहिल्यात. पोर्टची वेळ झाली की सगळ्यांनी उठून दुसऱ्यात जाऊन बसायचं, का तर अन्नाचा वास वाईनच्या आड येऊ नये! इतक्या थाटाने जेवण आणि पोर्ट यांची फारकत केल्यावर ती रीत जगभर पसरली तर नवल नाही. पण फ्रेंच लोक, जे कित्येक वर्षं पोर्टचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहेत, ती जेवणाच्या आधी पितात. म्हणजे सर्वांत जास्त पिणाऱ्यांनीच तो नियम मानलेला नाही. मग आपण का मानायचा?

गोडव्याचं म्हणाल तर तो वरून घातलेला नसतो. सप्टेंबरात द्राक्षं तोडून तुडवतात. काही ठिकाणी अजून ग्रॅनाइटच्या उथळ हौदात माणसं उतरून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून पायांनी तुडवतात. रस आंबू लागला की दोन-तीन दिवसांत, निम्मीशी साखर शिल्लक असतानाच, त्यात द्राक्षाचंच 77 टक्के अल्कोहोलचं स्पिरिट ओततात. साधारण चार भाग रसाला एक भाग. त्याने आंबण्याची क्रिया जागीच थांबते आणि द्राक्षाची उरलेली साखर वाईनमध्ये तशीच राहते. अल्कोहोल 19 ते 22 टक्क्यांवर जातं. पण साखरेबरोबर सालीचा तुरटपणा आणि आंबटपणाही तिच्यात उतरलेला असतो, हे आपण विसरतो. तो तुरटपणा तुपा-तेलाला आणि चरबीला कापतो. गोडवा मिठाशी जुळतो. मुरलेल्या पोर्टचा खरपूस वास भाजलेल्या जिनसांशी जुळतो. केकबरोबर यातलं काही कामाला येत नाही, गोडावर गोड एवढंच उरतं.

खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला हे एका चीजवर दाखवलं. सेर्रा दा एश्त्रेला नावाचं मेंढीच्या दुधाचं चीज असतं. त्याचं दूध विरजायला रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातलं विरजण, वापरत नाहीत, जंगली काटेरी झाडाची जांभळी फुलं वापरतात, त्यामुळे त्याला शेवटी हलका कडवटपणा असतो. आजी ते जेवणाआधी तासभर बाहेर काढून ठेवतात. वरची साल चकतीसारखी गोल कापून झाकणासारखी उचलतात आणि आतलं चीज चमच्यानं काढतात, कारण ते ऐन भरात आलं की वाहतंच. मक्याच्या जाडसर पावावर ते पसरायचं, एक घास खायचा आणि मग दहा वर्षांच्या टॉनी पोर्टचा एवढासा घोट. चीज खारट, जरा उग्र, जिभेवर दाट थर धरणारं. त्यावर टॉनी आली की आधी तो थर सुटतो, मग अक्रोड आणि सुक्या संत्र्याच्या सालीचा वास नाकाकडे चढतो, आणि चीजचा कडवटपणा, जो एकटा असताना थोडा टोचतो, तो मागे चवीला राहतो. पुढचा घास घ्यावासा वाटतो. माझ्या लेखी जेवणाबरोबरच्या पेयाची परीक्षा हीच : पुढचा घास हवासा वाटला पाहिजे.

टॉनी म्हणजे लाकडी पिंपात मुरलेली. लाकडातून हवा थोडी थोडी लागत राहते, लाल रंग उतरून तांबूस होतो, पुढे पिंगट. बाटलीवर 10, 20, 30, 40 असे आकडे असतात. निरनिराळ्या वर्षांच्या पिंपांचं मिश्रण करून त्या वयाची चव साधलेली असते. एकाच वर्षाची आणि किमान सात वर्षं पिंपात राहिलेली असेल तर ती कोल्येयता. रूबी ही तरुण, फळांच्या चवीची. व्हिंटेज ही निवडक वर्षांची, दोन-तीन वर्षांतच बाटलीत भरलेली आणि मग बाटलीतच दशकानुदशकं मुरणारी. जेवणासाठी मी व्हिंटेजच्या वाटेला जात नाही. ती फार बोलते आणि ताटाला बोलू देत नाही. शिवाय उघडली की दोन-तीन दिवसांत संपवावी लागते, दोघांच्या घरात ते कसं जमणार? टॉनी मात्र उघडल्यावर फ्रिजमध्ये काही आठवडे छान राहते. आम्हा दोघांना हेच सोयीचं.

आणि थंड प्यायची. हे मी आग्रहानं सांगते. टॉनी 12 ते 16 अंशांना, पांढरी पोर्ट तर त्याहूनही थंड. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या खोलीच्या तापमानाला पोर्ट ओतली तर नाकात फक्त स्पिरिट जातं आणि जिभेला पाक लागतो. पोर्ट आवडत नाही म्हणणाऱ्या कितीतरी जणांनी ती कोमट प्यायलेली असते.

पांढरी पोर्टही असते, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. पांढऱ्या द्राक्षांची, आणि 'सेकु' म्हणजे कमी गोड प्रकारातही मिळते. इथं ती बर्फ, टॉनिक, लिंबाची चकती आणि पुदिना घालून जेवणाआधी घेतात, बरोबर भाजलेले खारे बदाम. मी ती तळलेल्या माशाबरोबर घेते. जूनमध्ये, सांव जुआंवच्या सणाला, पोर्तो आणि गायाच्या गल्ल्यांत घराबाहेर शेगड्या मांडून सार्डिन भाजतात. सार्डिन म्हणजे आपली तारलीच म्हणा ना, त्याच घराण्यातली. उरलेली मी दुसऱ्या दिवशी हळद, मीठ, थोडं तिखट लावून, रव्यात घोळवून तळते. त्या खरपूस, तेलकट माशाबरोबर थंडगार कोरडी पांढरी पोर्ट आणि लिंबाची फोड. वेंगुर्ल्याच्या माणसाला यात परकं काही वाटणार नाही.

तिखटाबद्दल मात्र सावध करते. मालवणी मसाल्याचं झणझणीत मटण आणि पोर्ट, हा बेत करू नका. साखर तिखटाला थोडं शांत करते हे खरं, पण 20 टक्के अल्कोहोल ती आग पुन्हा भडकवतं, आणि शेवटी ना मटणाची चव लागते ना वाईनची. मिरचीऐवजी काळी मिरी घातलेलं सुकं मटण असेल तर एलबीव्ही, म्हणजे चार ते सहा वर्षं पिंपात ठेवलेली एकाच वर्षाची पोर्ट, छान जाते. मिरी आणि तिचा तुरटपणा एकमेकांना ओळखतात.

गोडात मी एकच अपवाद करते : पुरणपोळी. होळीला इथं हरभऱ्याची डाळ मिळते, चांगला गूळ मुलगी भारतीय दुकानातून आणते. जायफळ, वेलची, तव्यावरचा डाग आणि वर कढवलेलं तूप. वीस वर्षांच्या टॉनीत यातलं जवळजवळ सगळं आधीपासून असतं, काकवीचा वास, जायफळाचा वास, भाजल्याचा वास. पोळी साखरेची केली तर हे जमत नाही, गुळाचीच हवी. श्रीखंडाबरोबर मात्र तिची गट्टी होत नाही, दह्याचा आंबटपणा तिला आडवा येतो. त्या दिवशी मी लिस्बनच्या दक्षिणेकडची सेतुबालची मोश्कातेल ही गोड वाईन काढते. तिच्यात संत्र्याच्या फुलांचा वास असतो आणि केशराशी तो भांडत नाही.

पोर्टच्या बरोबरीनं घरात दुसरी बाटली असते ती मदेराची. मदेरा हे पोर्तुगालचंच अटलांटिकमधलं बेट, लिस्बनपासून सुमारे हजार किलोमीटर. तिथली वाईन जहाजांतून उष्ण कटिबंधातून जाऊन यायची, भारतापर्यंतही यायची. न विकली गेलेली पिंपं परतली तेव्हा लोकांना कळलं की उष्णतेनं ती बिघडली नाही, उलट सुधारली. म्हणून आजही ती मुद्दाम तापवतात : साधी वाईन टाक्यांत 45 ते 50 अंशांवर तीन महिने, उत्तम वाईन पिंपांत, छपराखालच्या उबदार माळ्यावर, वर्षानुवर्षं. जी वाईन एवढं सोसून आली ती उघडल्यावरही महिनोन्महिने हलत नाही. तिचे सेर्सियाल, व्हेर्देल्यो, बोआल, माल्व्हाझिया असे प्रकार कोरड्याकडून गोडाकडे जातात, पण आंबटपणा सगळ्यांत धारदार. त्यामुळे जेवणाला ती पोर्टपेक्षाही सोपी आहे. सेर्सियाल मी सूपबरोबर घेते. नाताळात मदेराच्या लोकांकडे लसूण आणि वाईन-व्हिनेगरमध्ये मुरवलेलं डुकराचं मांस असतं. गोव्याचं विंदालू त्याच घराण्यातून आलं. तो बेत आमच्या शेजारी मदेराच्या कुटुंबात असतो तेव्हा आम्ही पंगतीला असतो, आणि व्हेर्देल्यो त्या आंबट-लसणी मांसाला असा साथ देतो की लाल वाईनची आठवणही होत नाही.

आता दुसरा प्रश्न, वयाचा. आमच्या लहानपणी घरात एक 'पोर्ट वाईन' असायची, गोव्याहून आणलेली, स्वस्त आणि गोड. बाळंतिणीला आणि अशक्त माणसाला चमच्यानं द्यायचे, रक्त वाढतं म्हणून. त्या बाटलीचा दोरो खोऱ्याशी संबंध नव्हता आणि रक्त वाढवण्याशीही नव्हता. पोर्ट औषध नाही. मी ती प्रकृतीसाठी पीत नाही, चवीसाठी पिते, आणि म्हणूनच माप सांभाळते. पेला 75 मिलिलिटरचा. 20 टक्क्यांच्या हिशेबानं त्यात 15 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल येतं. नेहमीच्या 13 टक्क्यांच्या वाईनचा 150 मिलिलिटरचा ग्लास घेतला तर ते साडेएकोणीस होतं. साखर मात्र पोर्टमध्ये लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पेल्यात सात-आठ ग्रॅम, दीड-दोन चमचे. ज्यांना मधुमेह आहे, रक्त पातळ करायच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. ह्यांची साखर सीमेवर आहे, त्यामुळे हे बहुतेक वेळा चीज खातात आणि माझ्या पेल्याचा वास घेतात. रोज आम्ही घेत नाही. ज्या दिवशी ताटात तिच्या तोलाचं काही असेल त्या दिवशी घेतो.

निवृत्तीचा संबंध एवढाच की आता जेवायला वेळ आहे. नोकरीच्या दिवसांत रात्रीचं जेवण म्हणजे उरकणं होतं. इथं शेजारीपाजारी दुपारच्या जेवणाला बसले की घड्याळाकडे बघत नाहीत, आणि लहान पेल्यातली वाईन तशा जेवणातच नीट समजते. एक घोट, मग चार घास, मग बोलणं. पंच्याहत्तर मिलिलिटर आम्हाला आख्खं जेवणभर पुरतं. पैशाचं म्हणाल तर साधी रूबी इथल्या दुकानात दहा युरोच्या आत येते, त्यामुळे हा काही श्रीमंती षोक नव्हे.

इकडे येणारे शेवटी विचारतातच, परत जाताना काय घेऊ? भारतात नेताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्यावर जकात लागत नाही, म्हणजे दोन बाटल्या खुशाल न्या. एक दहा वर्षांची टॉनी आणि एक पाच किंवा दहा वर्षांची व्हेर्देल्यो मदेरा. विमानतळावर दिमाखदार पेटीतली व्हिंटेज दाखवतील, ती राहू द्या. घरी पोचल्यावर टॉनी आधी फ्रिजमध्ये ठेवा. सेर्रा दा एश्त्रेला मिळणार नाही, त्याची चिंता नको. खारे काजू तुपावर परता, जुनं, कडक झालेलं चेडार मिळालं तर त्याचे तुकडे करा, आणि जेवणाच्या सुरुवातीलाच ओता.