पॉलिसीचा नंबर

मुतखड्याची कळ कशी असते, हे ज्याने भोगले आहे त्याला सांगावे लागत नाही आणि ज्याने भोगलेले नाही त्याला सांगून उपयोग नसतो. मला ती गेल्या जानेवारीत, ठाण्यात नौपाड्यातल्या घरापासून साता समुद्रांपलीकडे, न्यू जर्सीत मुलीकडे असताना पहाटे तीन वाजता कळली. बाहेर बर्फ, घरात चोवीस तास हीटर आणि तहानच लागत नाही म्हणून दिवसाकाठी जेमतेम दोन पेले पाणी. लघवी दाट झाली की तिच्यातले क्षार खडा धरू लागतात, हे मी वर्गात तीस वर्षे शिकवले आहे. शिकवणाऱ्याने ते पाळावे असा काही नियम नाही.

जावईबापूंनी गाडी काढली. मागच्या सीटवर मी तलावपाळीच्या कोपिनेश्वराला अभिषेकाचा नवस बोलत होतो आणि शेजारी पत्नी प्रवासविम्याच्या कागदावरचा पॉलिसी नंबर एकेक आकडा सुटा करून फोनवर वाचून दाखवत होती. दोन्ही जप एकाच वेळी चालले होते. त्यांतल्या कोणत्या जपावर माझा अधिक भरवसा आहे, असे तेव्हा कोणी विचारले असते, तर मी खरे उत्तर दिले नसते.

रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात भिंतीवर एक सूचना होती: पैसे भरण्याची ऐपत असो वा नसो, येथे तपासून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. तिथे १९८६ पासून तसा कायदाच आहे. तपासणी नाकारता येत नाही; बिल मात्र मागाहून टपालाने येते आणि तेही सुट्या भागांत, रुग्णालयाचे वेगळे, डॉक्टरांचे वेगळे, स्कॅन वाचणाऱ्याचे वेगळे. पडद्यापलीकडचा माणूस प्रत्येक तपासणीआधी तिची किंमत विचारत होता आणि परिचारिका दर वेळी तितक्याच मऊ आवाजात ती आपल्याला ठाऊक नसल्याचे सांगत होती. मला किंमत विचारावी लागली नाही. मला त्यांनी धर्म विचारला, तो लिहून घेतला आणि प्रार्थनेसाठी कोणाला बोलवायचे आहे का, अशीही चौकशी केली. मग वेदनाशामक इंजेक्शन, सीटी स्कॅन आणि दोन तासांत निकाल: खडा चार मिलिमीटरचा आहे, एवढे लहान खडे बहुधा आपोआप पडतात, भरपूर पाणी प्या आणि घरी जा.

हे ऐकताना मला एकदम कुळथाचे कढण आठवले.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताई कळव्याच्या. त्यांचे यजमान वागळे इस्टेटमध्ये माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतात. त्यांना आदल्या वर्षी हीच कळ आली, तेव्हा सरकारी दवाखान्यात इंजेक्शन लगेच मिळाले, पण सोनोग्राफीची तारीख मिळाली ती तीन आठवड्यांनंतरची. बाहेर करून घेण्याइतके पैसे हातात नव्हते. त्या तीन आठवड्यांत ताईंनी कुळथाचे कढण केले, पानफुटीची पाने खाऊ घातली आणि कार्ल्याच्या एकवीरेला नवस बोलला. मी चहा पिता पिता त्यांना ऐकवले होते, "ताई, खडा नवसाने विरघळत नाही, आधी डॉक्टरांकडे जायचं असतं." त्या काही बोलल्या नाहीत, तव्यावरची पोळी तेवढी उलटली.

परक्या देशातल्या खाटेवर ते वाक्य माझे मलाच ऐकू आले. ताई डॉक्टरांकडेच आधी गेल्या होत्या. नवस त्यांनी बोलला होता तो तारखेपर्यंतच्या एकवीस रात्रींसाठी, खडा केवढा आहे, कुठे आहे, काहीच माहीत नसताना नवऱ्याचे कण्हणे ऐकण्यासाठी. माझा नवस दोन तास टिकला. 'चार मिलिमीटर' हा आकडा कानावर पडला आणि कोपिनेश्वर माझ्या मनातून गेला तो विमान मुंबईला उतरेपर्यंत परत आला नाही.

त्यांचा खडा नऊ मिलिमीटरचा निघाला आणि शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून एक पैसाही न लागता झाली, हेही सांगितलेच पाहिजे. ही योजना आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा खर्च उचलते. बुडालेली हजेरी मात्र तिच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

परतल्यावर मी ताईंना सगळी हकीकत सांगितली, नवसासकट.

"किती दिवसांनी कळलं, काका, खडा आहे ते?"

"दोन तासांत."

त्यांनी परातीतले पीठ पुढे ओढले. "मग नवस कशाला बोललात?"

सोमवारी मी तलावपाळीला जाऊन अभिषेकाची पावती फाडून आलो.