चुन्याच्या निवळीचा एक थेंब

टाचणीच्या डोक्याएवढा तो निळा ठिपका माझ्या डोळ्यांदेखत तपकिरी झाला, तेव्हा हातातला कुंचला मी अलगद खाली ठेवला आणि पुढची सगळी तयारी थांबवली. शेजारच्या खोलीत उथळ तबके धुऊन ठेवलेली होती, पाणी मोजून घेतलेले होते, आणि ठरल्याप्रमाणे दुपारनंतर तो नकाशा त्या पाण्यात उतरणार होता.

जुने कागद दुरुस्त करणे आणि टिकवणे हे माझे काम आहे. तो सागरी नकाशा एका वयस्कर गृहस्थांनी आणला होता. ॲम्स्टरडॅमला तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला, कोपऱ्यातल्या नक्षीच्या चौकटीत १६८० हे साल कोरलेले, भूमीच्या कडा हिरव्या आणि समुद्राचा किनारा गडद निळ्या रंगाने हाताने रंगवलेला. मागच्या बाजूला कोणा जुन्या विक्रेत्याने डकवलेली एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर लिहिले होते, की हा निळा रंग लाजवर्दाचा आहे. गृहस्थांच्या घरात तीन पिढ्या हेच सांगितले जात होते.

लाजवर्द म्हणजे अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून निघणारा निळा दगड. तो कुटून, मेण-राळेच्या गोळ्यात मळून, त्यातून निळे कण वेगळे काढावे लागत. हा रंग युरोपात समुद्रापलीकडून येई म्हणून त्याला ‘अल्ट्रामरीन’, म्हणजे ‘समुद्रापलीकडचा’, असेच नाव पडले. तो सोन्याच्या तोलाने विकला जाई. नकाशाच्या किनाऱ्यावर इतका महागडा रंग सढळ हाताने कोणी फासेल का, ही शंका मला पहिल्याच दिवशी आली होती. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून मी ती बोलून दाखवली नाही.

कागदाची अवस्था मात्र स्पष्ट दिसत होती. हिरवा रंग जंगालाचा होता. तांब्याचा हा क्षार कागद अक्षरशः खातो. हिरव्या पट्ट्यामागे कागद तपकिरी पडून ठिसूळ झाला होता आणि मधल्या घडीवर भेग गेली होती. अशा कागदातले आम्ल कमी करण्यासाठी तो सौम्य अल्कधर्मी पाण्यात ठेवतात, आणि त्याआधी प्रत्येक रंगाची कडेला, कोणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी चाचणी घेतात. मी चुन्याच्या निवळीचा एक बारीक थेंब ठेवला, टिपकागद टेकवला. हिरवा हलला नाही. काळी शाई हलली नाही. निळा फुटला किंवा पसरला असता तर मला नवल वाटले नसते, कारण रंग फुटणे रोजचे आहे. पण तो मुळी निळाच राहिला नाही.

मग भिंगाखाली रंगाचे दोन-चार कण काचपट्टीवर घेतले आणि त्यांना आधी कॉस्टिक सोड्याचा सौम्य द्राव लावला. ते गंजासारखे पिवळट तपकिरी झाले. नंतर त्याच कणांवर विरल आम्लाचा थेंब सोडला, आणि कडेकडेने निळाई परत उमटली. लाजवर्द याच्या अगदी उलट वागतो: अल्काला तो दाद देत नाही आणि आम्लात मात्र त्याचा रंग उडतो. झाडापासून मिळणारी नीळ दोन्हींत टिकून राहते. अल्कात मरणारा आणि आम्लात पुन्हा जिवंत होणारा असा निळा रंग माझ्या माहितीत एकच आहे, तो म्हणजे प्रशियन ब्लू. क्ष-किरणांच्या यंत्राखाली त्या जागी लोह मिळाले. ज्यांच्यापासून इतर जुने निळे रंग बनत, त्या कोबाल्टचा किंवा तांब्याचा मागमूस नव्हता.

माझ्या पोटात गोळा आला तो मात्र रसायनामुळे नव्हे, सालामुळे. १६८० साली हा रंग जगात अस्तित्वातच नव्हता.

त्याच्या जन्माची हकिकत मला या सगळ्या व्यवसायातली सर्वांत सुंदर हकिकत वाटते. १७०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा एक रंगारी लाल रंग बनवत होता. किरमिजी किड्यांचा अर्क, तुरटी आणि हिराकस एकत्र उकळायचे आणि पोटॅश घालून रंगाचा साका खाली बसवायचा, ही त्याची नेहमीची कृती. त्या दिवशी पोटॅश संपला होता. म्हणून त्याने योहान कोनराड डिपेल या किमयागाराकडून थोडा मागून घेतला. डिपेल जनावरांच्या रक्तापासून एक औषधी तेल काढत असे आणि हा पोटॅश त्या तेलाच्या शुद्धीकरणात वापरून झालेला, म्हणजे दूषित होता. डीसबाखचा साका लाल होण्याऐवजी फिकट पडला. रंग दाट करावा म्हणून त्याने तो आटवला, तर तो आधी जांभळा झाला आणि मग गर्द निळा. रक्तातला नायट्रोजन आणि कार्बन पोटॅशमध्ये उतरला होता, त्याची हिराकशीतल्या लोहाशी गाठ पडली, आणि माणसाने प्रयोगशाळेत घडवलेले आधुनिक काळातले पहिले रंगद्रव्य जन्माला आले. हे डिपेल महाशय जन्मले होते ते फ्रँकेनस्टाईन नावाच्या किल्ल्यात, हेही जाता जाता सांगावेसे वाटते.

१७१० साली बर्लिनच्या अकादमीच्या नियतकालिकात या रंगाची निनावी वार्ता छापून आली, पण कृती गुप्तच ठेवलेली होती. ती १७२४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली आणि मग जो तो हा रंग बनवू लागला. या रंगाचे सर्वांत जुने ज्ञात चित्र डच चित्रकार पीटर व्हान डर वर्फ यांचे, १७०९ सालचे आहे. तेव्हा १६८० चा नकाशा या निळ्याने रंगवलेला असणे शक्य नव्हते. याचे दोनच अर्थ निघत होते. एकतर नकाशाच बनावट, नाहीतर नकाशा जुना आणि रंग मागाहून चढवलेला.

उरलेला दिवस मी या प्रश्नात घालवला. नकाशा प्रकाशाच्या पेटीवर ठेवला. कागद हातसाच्यातला होता. तारांच्या बारीक समांतर रेघा, त्यांना आडव्या जाणाऱ्या विरळ रेघा, आणि मध्यावर जलचिन्ह. साच्याच्या जाळीवर तारेची आकृती शिवली की तेवढ्या जागी लगदा पातळ बसतो आणि प्रकाशात तो भाग उजळ दिसतो. इथे दिसत होते ते विदूषकाचे डोके: घुंगरांची टोपी आणि सात टोकांची गळपट्टी, प्रत्येक टोकाला घुंगरू. हीच ती ‘फूल्स कॅप’, विदूषकाची टोपी. या चिन्हाचा कागद युरोपभर इतका चालला, की चिन्ह गेले तरी कागदाच्या आकाराला नाव चिकटून राहिले आणि ‘फुलस्केप’ म्हणून ते आपल्या बोलण्यात आजही आहे. सतराव्या शतकातल्या डच छपाईत हा कागद नेहमी आढळतो. कागद खरा होता. तांब्याच्या पत्र्याच्या दाबाने उमटलेली कडेची खोलगट चौकटही खरी होती.

निर्णय लागला तो घडीच्या भेगेत. भिंग वाढवत नेले तेव्हा दिसले, की हिरवा रंग भेगेच्या दोन्ही काठांवर तुटून थांबला आहे, म्हणजे आधी रंग आणि मग भेग. निळा मात्र भेगेच्या आत उतरला होता. फाटलेल्या तंतूंच्या उघड्या टोकांना तो चिकटला होता आणि एका जागी पार मागच्या बाजूपर्यंत झिरपला होता. कागद वापरून, घड्या घालून, फाटायला लागल्यानंतर कोणीतरी हा किनारा निळा केला होता. दोन हातांचे काम होते आणि त्या दोन हातांमध्ये निदान पंचवीस-तीस वर्षांचे अंतर होते.

गृहस्थ दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन आले. मी काहीही न लपवता सांगितले. ते बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे माझ्या आजोबांना फसवले होते.”

“काका, नकाशा खरा आहे. चिठ्ठी चुकीची आहे,” मी म्हणाले. “चिठ्ठी लिहिणाऱ्याला ठाऊक होते की नाही, हे या कागदावरून मला सांगता येणार नाही.”

नात पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करणारी. रंगाचे नाव ऐकताच ती पुढे सरकली. “हा तर आमचा पर्ल्सचा रंग! यकृताच्या किंवा अस्थिमज्जेच्या तुकड्यात लोह साठले असेल तर तेवढी जागा निळी होते.” बरोबर होते. १८६७ पासून वैद्यकात चालत आलेली ही चाचणी म्हणजे काचपट्टीवर दर वेळी नव्याने बनणारा प्रशियन ब्लूच. तिने आजोबांना ते समजावून सांगितले, आणि बोलता बोलता तिच्या तोंडून सायनाइडचे नाव निघाले. काका दचकले. “इतकी वर्षे हे आमच्या दिवाणखान्यात होते!”

त्यांची भीती समजण्यासारखी होती, म्हणून मी नीट सांगितले. या रंगात सायनाइड आहे खरे, पण ते लोहाशी इतके घट्ट बांधलेले असते की पोटात गेले तरी सुटत नाही. किंबहुना ते जहाल विषच या रंगातून ओळखले गेले: १७८२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी प्रशियन ब्लूपासून आम्ल काढले, त्याला प्रुसिक आम्ल म्हणू लागले, आणि ‘सायनाइड’ हा शब्दसुद्धा निळ्या रंगाच्या ग्रीक नावावरून आला. रंग स्वतः मात्र औषध आहे. १९८७ मध्ये ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात टाकून दिलेल्या किरणोपचार यंत्रातले किरणोत्सारी सीझियम-१३७ लोकांच्या हाती लागले. तेव्हा ४६ जणांना हाच निळा पदार्थ पोटात दिला होता, कारण तो आतड्यात सीझियमला धरून शरीराबाहेर नेतो. काकांनी हे दोनदा विचारून घेतले.

उपचाराची योजना मी पूर्ण बदलली. पाण्याची तबके रद्द केली. भेग मागच्या बाजूने पातळ, लांब तंतूंच्या कागदाने सांधायची, जंगालाच्या पट्ट्यापुरता आधार द्यायचा आणि ठेवणीसाठी नेहमीचा अल्क मिसळलेला पुठ्ठा न वापरता उदासीन पुठ्ठा घ्यायचा, असे ठरले. प्रकाशही कमी ठेवायचा, कारण प्रखर उजेडात हा निळा फिकटतो, जरी अंधारात हवेशी राहिल्यावर तो पुष्कळसा परत येतो. नोंदपत्रात मी लिहिले: ‘छपाई १६८०. हिरवा रंग घडीच्या भेगेआधीचा. निळा रंग भेगेनंतरचा, १७०६ च्या आधीचा नाही.’ मागची चिठ्ठी काढून वेगळ्या पाकिटात, पण नकाशासोबतच ठेवली.

निघण्याआधी काकांनी तो ठिपका पाहायला मागितला. मी भिंग जुळवून दिले. कडेच्या गर्द निळ्यात ती तपकिरी खूण त्यांना लगेच सापडली. आम्लाने ती पुन्हा निळी होऊ शकते, पण जंगालाने आधीच खाल्लेल्या कागदावर मी आम्ल लावणार नाही, हे मी त्यांना सांगितले आणि त्या खुणेबद्दल क्षमा मागितली.

“राहू द्या,” ते म्हणाले, आणि नातीला भिंगापाशी बोलावून स्वतः बाजूला झाले.